‘ऐकाच!’ म्हणणारांस

हल्ली कोणत्याही सुशिक्षित मंडळीत घटकाभर बसावे, की ‘अमुक पॉडकास्ट अजून ऐकला नाही? ऐकाच!’ हा उपदेश कानी पडल्यावाचून राहत नाही. मोबाईलवर दुवे येऊन पडतात ते निराळेच. आणि वर्षअखेर जवळ आली म्हणजे ‘ऐकायलाच हवेत असे दहा भाग’ अशा मथळ्याच्या याद्यांचा पाऊस पडू लागतो. अशा याद्या आम्ही पुष्कळ चाळल्या आहेत. त्यांत भागाचे नाव असते, पाहुण्याचे नाव असते, किती लाख लोकांनी तो ऐकला याचा आकडाही असतो. नसते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे तो का ऐकावा याचे कारण. ‘अप्रतिम’ आणि ‘डोळे उघडणारा’ ही कारणे नव्हेत, विशेषणे होत. पुस्तकाच्या परीक्षणात एवढ्यावरच कोणी भागविले असते, तर कोणत्याही जाणत्या संपादकाने ते साभार परत केले असते. मग कानांनी ग्रहण करावयाच्या वाङ्मयास ही सवलत कशासाठी?

‘वाङ्मय’ हा शब्द आम्ही येथे जाणूनबुजून योजिला आहे. वाचेने घडलेले ते वाङ्मय. छापखाना त्यात मागाहून आला. ज्या महाराष्ट्राने शतकानुशतके कीर्तन ऐकले, ज्याच्या पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ज्याच्या नाशकात आजही मे महिन्यात गोदाघाटावर लोक सतरंजीवर बसून व्याख्यान ऐकतात, त्या प्रांतास श्रवण ही काही परदेशातून आलेली वस्तू नव्हे. ‘पॉडकास्ट’ हे नाव २००४ साली एका इंग्रजी पत्रकाराने योजिले खरे. पण आठवड्यास एक भाग, त्याची वाट पाहणारे घर, आणि दुसऱ्या दिवशी त्याची चर्चा, हा अनुभव आमच्या वडील पिढीने पुणे आकाशवाणीच्या गीतरामायणात १९५५-५६ साली घेतला होता. छप्पन्न गीते, आणि तीही एकेका आठवड्याच्या अंतराने! गीत ऐकल्यावर लोक त्याच्या शब्दांविषयी आणि चालीविषयी वाद घालीत; ‘अप्रतिम’ म्हणून मोकळे होत नसत.

तरीही आमच्या व्यवसायबंधूंपैकी काहीजण या विषयावर नाक मुरडतात. ऐकणे हा वाचनाचा आळशी पर्याय आहे, असे त्यांचे म्हणणे. या गृहस्थांनी एकदा चैत्रात दिंडोरी किंवा निफाडकडे जावे. द्राक्षबागेत खरड छाटणी चालू असते. हात कात्रीत गुंतलेले, डोळे काडीवर, मोकळे काय ते कान. पहाटेच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मुंबईस नोकरीला निघालेला उभा प्रवासी आणि पोळ्या लाटणारी गृहिणी, यांचीही तीच स्थिती. यांना ‘आधी ग्रंथ वाचा’ असे सांगणे म्हणजे, आमच्या मते, पांडित्य नव्हे. निव्वळ बेपर्वाई आहे. या माणसांच्या कानांत काय पडावे याची काळजी विद्वानांनी केली नाही, तर ती दुसरे कोणीतरी करणारच, आणि ते दुसरे कोण हे आपण रोज पाहतच आहोत.

दुसरा पक्ष ‘ज्याची त्याची आवड’ म्हणणारांचा. हा पक्ष दिसतो उदार, परंतु आहे मोठा सोयीचा. कारण त्यात शिफारस करणाऱ्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. पुस्तक चाळता येते, आवाज चाळता येत नाही. नीरस पुस्तकाची पन्नास पाने वाचक एका क्षणात उलटतो. पण दोन तासांच्या संभाषणात ऐकण्याजोगी दहा मिनिटे कोठे दडली आहेत, हे ऐकल्यावाचून कळण्यास मार्ग नाही. (दीडपट वेगाने ऐकणाऱ्या शूरांविषयी आम्हांस आदर आहे, पण त्या वेगाने बोलणारा माणूस समोर आला तर तेही उठून जातील.) म्हणून ‘ऐकाच’ म्हणणारा दुसऱ्याच्या आयुष्यातला तास मागत असतो. त्याने भाग कोणता, कोणासाठी, ऐकण्याजोगे कोठून सुरू होते, आणि त्यात उणे काय, इतके सांगणे हा उपकार नसून कर्तव्य आहे.

अशी समीक्षा नसल्याचे फळ आज मराठी पॉडकास्टांच्या अंगी स्पष्ट दिसते. अपवाद आहेत, बीबीसी मराठीची ‘गोष्ट दुनियेची’ एकेक प्रश्न घेऊन त्याची नेटकी उकल करते, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. परंतु सर्रास प्रकार कोणता? पाहुण्याचे नवे नाटक वा चित्रपट येऊ घातलेला; यजमानाने काही वाचलेले नाही; म्हणून ‘तुमचा प्रवास कसा झाला?’ हा पहिला प्रश्न, आणि उत्तराच्या प्रत्येक वाक्यावर हास्य. मराठी वाक्यात क्रियापद तेवढे मराठी उरते. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर तयारीवाचून आलेल्या वक्त्यास घाटावरचा श्रोता उठून जाऊन उत्तर देतो. येथे श्रोता उठून गेला तरी यजमानास दिसतो तो फक्त आकडा. बोलण्याची मराठी कशी असावी याचे मान आता याच संभाषणांतून ठरत आहे, आणि आमची मासिके मात्र चाळीस पानांच्या काव्यसंग्रहावर चार पाने खर्चून या प्रवाहाकडे पाठ फिरवून बसली आहेत.

दुसऱ्यांस दोष देऊन स्वतः नामानिराळे राहणे बरे नव्हे. तेव्हा आमच्या शिफारशी सकारण देतो. बीबीसीच्या रीथ व्याख्यानांचा आरंभ १९४८ साली बर्ट्रांड रसेल यांनी केला. ही मालिका आता पॉडकास्टरूपाने सहज मिळते. तीतील २०१४ सालची अतुल गावंडे यांची चार व्याख्याने प्रथम घ्यावी. हे शल्यवैद्य अमेरिकेतले खरे, पण त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. चारांपैकी एकच ऐकावयाचे तर एडिंबरोचे तिसरे. त्यात त्यांच्या मुलीच्या पियानो-शिक्षिकेचे अखेरचे दिवस आहेत: उपचार थकल्यावर ‘तुम्हांस आता काय हवे?’ हा प्रश्न विचारला गेला, आणि ती बाई मरणाच्या दारात पुन्हा शिकवू लागली. घरात दुखणाईत वडीलधारे असलेल्या प्रत्येकाने हे ऐकावे. परंतु एकट्याने नव्हे, भावंडांस बरोबर बसवून. दिल्लीत झालेले चौथे व्याख्यान विषयाने अधिक व्यापक, पण तिसऱ्याची धार त्यास नाही, हेही सांगून ठेवतो.

काव्यशास्त्र शिकविणारांनी त्याच मालिकेतले २००३ सालचे व्ही. एस. रामचंद्रन यांचे चौथे व्याख्यान ऐकावे. काही माणसांस अंक रंगीत दिसतात, यावरून हे मेंदूशास्त्रज्ञ रूपकाच्या उगमापर्यंत पोहोचतात. त्यांची झेप कोठे कोठे पुराव्यापुढे जाते, असे आम्हांस वाटते; पण आमच्या अलंकारचर्चेस असा धक्का हवाच आहे. आणि संभाषण कसे चालवावे हे ज्यांस शिकावयाचे असेल, त्यांनी मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ पासून २०२५ पर्यंत चालविलेल्या ‘इन अवर टाइम’मधला शून्यावरील २००४ चा भाग ऐकावा. तीन विद्वान, पाऊण तास, एकच विषय. आणि पाहुणा भरकटला की मध्येच तोडणारा, वाचून आलेला यजमान.

शेवटची शिफारस करताना मात्र आम्हांस संकोच होतो. अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’ या पॉडकास्टात शांता गोखले यांच्याशी झालेले कित्येक तासांचे संभाषण आहे. लांबीची तक्रार करणारे आम्ही, येथे एक मिनिटही कमी करा असे म्हणणार नाही; कारण विचारणाऱ्याने तयारी केली आहे आणि सांगणारीस घाई नाही. डहाणूत जन्मलेल्या, ‘रीटा वेलिणकर’ मराठीत लिहिणाऱ्या या लेखिकेचे हे दीर्घ, निवांत बोलणे आहे इंग्रजीत. आमच्या मराठी पॉडकास्टकारांपाशी ध्वनिमुद्रणाची यंत्रे आहेत, प्रशस्त खोल्या आहेत, लाखांनी श्रोते आहेत. ज्या लेखकास बोलवावयाचे त्याची निदान तीन पुस्तके आधी वाचून बसण्यास त्यांच्यापैकी कोण तयार आहे, ते त्यांनी सांगावे. तो भाग निघाला, की त्याचे परीक्षण आम्ही स्वतः लिहून याच मासिकाकडे धाडू.