शेव्हरोलेची दोन प्रस्थाने

नागोठण्याहून मुंबई-गोवा महामार्गाला लागलात, तर अजूनही एखादी शेव्हरोले तवेरा नजरेस पडते. ती बनवणारी अमेरिकन जनरल मोटर्स भारतीय बाजारातून दोनदा गेली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

भारतीय मोटारउद्योगाची कथा आपण बहुधा वालचंद हिराचंदांपासून सांगतो. पण त्यांचा कुर्ल्याचा कारखाना उभा राहण्याच्या जवळजवळ दोन दशके आधी, १९२८ साली, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांतून मोटारी जोडण्यास आरंभ केला होता. (कुर्ल्यातही प्रथम जोडल्या गेल्या त्या अमेरिकन क्रायस्लरच्याच मोटारी!) स्वातंत्र्यानंतर सरकारने बजावले, की नुसती जोडणी पुरेशी नाही, मोटार टप्प्याटप्प्याने इथेच घडवा. १९५४ मध्ये शिवडीचे काम थांबले. ते धोरण मला आजही योग्य वाटते.

दुसरे प्रस्थान निराळे. तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर देशांतर्गत विक्री थांबली आणि २०२० मध्ये उत्पादनही. या वेळी सरकारने दार लावले नव्हते; कंपनीचे गणित जमले नाही, एवढेच. कामगारांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. सुटे भाग आणि सेवा पुरवत राहू, असे आश्वासन ग्राहकांना मिळाले. पण विक्री थांबलेल्या गाडीला जुन्या बाजारात पूर्वीचा भाव कोण देणार? कर्ज काढून तवेरा घेतलेल्या, पेण-वडखळ-नागोठणे प्रवासी वाहणाऱ्या चालकाचा हप्ता त्यामुळे कमी झाला नाही. तळेगावची ती जागा आता ह्युंदाईकडे आहे.