सूर-साधना : दोष वाद्यात की हातात?

नवे वाद्य हाती घेणाऱ्या प्रौढ मनुष्याला पहिल्या पंधरवड्यातच एक शंका ग्रासते. हे वाद्य सदोष असावे, अथवा आपली बोटे तरी या कामाची नसावीत. दुकान वाढवून रात्री अर्धा तास सवड काढणाऱ्याच्या मनात ही शंका बळावली, की वाद्य कपाटात जाते आणि बहुधा तेथेच राहते. आयर्लंडच्या संगीतातील ‘लो व्हिसल’, म्हणजे खर्जातील लांब शिट्टी, ही अशी शंका हमखास उत्पन्न करणारी आहे. म्हणून या वेळी तिच्याविषयी.

या वाद्याचे आपल्या भूमीशी एक नाते आहे. आयर्लंडचे विख्यात पाइपवादक फिनबर फ्युरी यांच्यापाशी बांबूची एक भारतीय शिट्टी होती. दौऱ्यावर असताना ती मोडली. इंग्लंडमधील रग्बी येथील कारागीर बर्नार्ड ओव्हर्टन यांना ती दुरुस्त करणे शक्य झाले नाही, तेव्हा दोघांनी मिळून १९७१ मध्ये अॅल्युमिनिअमच्या नळीतून तिची जागा घेणारे वाद्य घडविले. पुढे ‘रिव्हरडान्स’ या नृत्यप्रयोगात डेव्ही स्पिलेन यांनी ते वाजविले आणि त्याचा गंभीर, किंचित धुरकट स्वर दूरवर पोहोचला.

रचना साधी आहे. सहा छिद्रे, तोंडाशी फुंकेसाठी अरुंद चीर, तिच्यापुढे एक खिडकी आणि खिडकीच्या कडेला धार. आडव्या बासरीत फुंकेला दिशा देण्याचे काम ओठ करतात. येथे ते चीर करते. त्यामुळे आवाज पहिल्याच दिवशी निघतो आणि शिकणाऱ्याचा समज होतो की पुढचे सारे सोपे आहे. डी सुराची लो व्हिसल सुमारे ५८ सेंटीमीटर लांब, म्हणजे साध्या डी शिट्टीच्या जवळजवळ दुप्पट असते. सहाही छिद्रे झाकली की तिचा पायाचा स्वर येतो, आपल्या भाषेत पांढरी दोन. आपण बासरीवर वरची तीन छिद्रे झाकून षड्ज धरतो. त्या गणतीने हीच नळी पांढरी पाचची बासरी ठरेल. पन्नालाल घोष यांनी मैफलीत रूढ केलेली बासरी ३२ इंचांची होती. तिच्यापुढे ही धाकटीच. तेव्हा ‘माझा हात लहान आहे’ ही तक्रार सहसा टिकत नाही.

मग सूर फाटतो का? दहांतील नऊ वेळा कारण एकच असते : गळती. एखाद्या बोटाच्या कडेने केसाएवढी फट राहिली, तरी खालचा स्वर किंचाळतो किंवा वरच्या सप्तकात उडी मारतो. व्यापारी माणसाला हे समजावून सांगायला नको. तोटा मोठ्या खर्चात सापडत नाही, तो बारीकसारीक गळतीत असतो. परीक्षा सोपी आहे. सहाही छिद्रे झाकून बोटे काही क्षण घट्ट दाबावीत आणि मग बोटांवरील वळ पाहावेत. जेथे वर्तुळ अपुरे, तेथे हवा निसटते. ही दाबाची पकड केवळ परीक्षेपुरती. वाजविताना बोटे हलकीच असावीत.

गळतीचे मूळ बोटांच्या टोकांवर भिस्त ठेवण्यात आहे. लहान शिट्टीची ही सवय येथे चालत नाही. पाइपवादकांप्रमाणे बोटे सपाट ठेवून मधल्या पेरांनी छिद्रे झाकावीत. खालच्या हाताची अनामिका आखूड पडते. तिने पुढच्या पेराने झाकले तरी चालते. अंगठे खालून केवळ आधार देतात. मनगट दुखू लागले तर थांबावे. वेदना सोसण्यात साधना नाही.

दुसरी अडचण फुंकेची. खर्ज निघेना की नवशिका जोर लावतो, आणि जोराने खर्ज आणखी दूर जातो. खालच्या स्वरांना आरशावर वाफ धरावी इतकी मंद पण अखंड फुंकर हवी. वरच्या सप्तकासाठी तिचा वेग वाढवावा.

थंड धातूवर श्वासाची वाफ साचून चिरेत थेंब अडकतात आणि चांगला चाललेला सूर मध्येच घोगरा होतो. वाजविण्यापूर्वी तोंडाकडचा भाग तळहातात धरून ऊबदार करावा. थेंब अडकलाच तर खिडकी बोटाने झाकून एकदा जोराने फुंकावे. चिरेत तार किंवा टाचणी घालू नये, धारेला कानस तर मुळीच लावू नये.

सरावाचा क्रम असा ठेवावा. प्रथम केवळ वरच्या हाताची तीन बोटे. ते तीन स्वर स्थिर झाल्यावर खालच्या हाताचे एकेक बोट वाढवावे, आणि आधीचा स्वर स्वच्छ झाल्यावाचून पुढचे बोट ठेवू नये. रोज दहा मिनिटे, दोन वेळा, एवढे पुरते. आरंभी संथ चालीच घ्याव्यात; या वाद्याचा स्वभावच तसा आहे.

महिन्याभरानंतरही खर्ज लागला नाही, तर वाद्य एखाद्या जाणत्या वादकाच्या हाती द्यावे. त्याने सहज तो स्वर काढला तर काम आपल्या बोटांवर उरले आहे. त्यालाही जमले नाही तर वाद्य खुशाल परत करावे. या निवाड्याआधी मात्र, सुज्ञ वाचकहो, त्याला कपाटात बंद करू नये.