दिवाळीचा फोन आणि पहिल्या वेचणीचा कापूस

फोन कधी घ्यावा आणि कुठे घ्यावा, हा काय चळवळीच्या पत्रकाचा विषय झाला का, असे काही जण विचारतील. भावाचा प्रश्न आहे, आयातीचा आहे, विजेचा आहे. ते सोडून ही दुकानदारी कसली? आमचे म्हणणे असे, की हाही भावाचाच प्रश्न आहे. शेतकरी दोनदा लुटला जातो. एकदा माल विकताना आणि एकदा वस्तू घेताना. फोनच्या बाबतीत तर या दोन्ही लुटी एकाच आठवड्यात, एकाच तालुक्याच्या बाजारात होतात. तो आठवडा म्हणजे दिवाळीचा.

फोन ही आता चैन राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढला नाही तर सातबारावर पेरा लागत नाही. पीएम किसानच्या वर्षाच्या ६,००० रुपयांसाठी ई-केवायसी करावी लागते आणि ओटीपी फोनवरच येतो. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' हे ॲप आणले. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणी त्यावर आणि माल कोणत्या दिवशी आणायचा तेही त्यावरच ठरवायचे. थोडक्यात, तिफण आणि फवारणी पंपाशेजारी आता फोनही ठेवावा लागतो. हे अवजार आपण मागितले नव्हते, ते आपल्या हाती दिले गेले.

पण सरकार त्याला अवजार मानते का? कर लावताना मुळीच नाही. १ एप्रिल २०२० रोजी फोनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे दर बदलले तेव्हा ट्रॅक्टर ५ टक्क्यांवर आला, फोन मात्र १८ वरच राहिला. आयातीचीही तीच कथा. फोनवरचे आयात शुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कमी झाले, तेही २० वरून १५ टक्क्यांवर. कापसावर ११ टक्के शुल्क होते, ते १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात, म्हणजे ऐन आपला माल बाजारात येण्याच्या वेळी, पूर्ण माफ केले गेले. आपण जे विकत घेतो त्याला कुंपण आणि आपण जे विकतो त्याला उघडी वाट!

फोनची किंमत कापसात मोजा

म्हणून फोनची किंमत रुपयांत ऐकू नका, क्विंटलात ऐका. साधारण कामाला येणारा फोन १२,००० रुपयांचा धरू. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे हा फोन जवळजवळ दीड क्विंटल कापसाचा झाला. संकरित ज्वारीचा त्याच वर्षीचा हमीभाव ३,६९९ रुपये, म्हणजे सव्वातीन क्विंटल ज्वारीचा. त्यात कराचेच १,८३० रुपये, म्हणजे साडेबावीस किलो कापूस. हा हिशेब हमीभावाचा झाला. आपला कापूस प्रत्यक्षात ज्या भावाने जातो, त्या भावाने मोजला तर फोन आणखी महाग पडतो.

आता दिवाळीचे पाहू. कोरडवाहू कापसाची सीतादही होऊन पहिली वेचणी घरात येते न येते तोच दिवाळी येते. दवाचा, कधी परतीच्या पावसाचा ओलावा बोंडात असतो. सीसीआयचा नियम असा, की ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर माल परत. शिवाय त्या दिवसांत हमीभावाची केंद्रे नुकती उघडत असतात, काही ठिकाणी उघडलेलीही नसतात. खेडा खरेदीचा व्यापारी मात्र काटा घेऊन दारात उभा असतो. पोराने फोनची जाहिरात पाहिलेली असते. सणाचा खर्चही डोक्यावर असतो. 'आज मोडून टाकू थोडा कापूस' असे म्हणत गठुडी बाहेर निघतात.

हिशेब मांडू. समजा १४ टक्के ओलाव्याचा ५ क्विंटल कापूस व्यापाऱ्याला ६,८०० रुपयांनी दिला, तर हाती ३४,००० आले. तोच कापूस वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर वजनात सुमारे ३३ किलोंची घट येईल, हे आम्ही लपवत नाही. ४ क्विंटल ६७ किलो उरेल. त्याचे हमीभावाने जवळजवळ ३७,९०० रुपये होतात. फरक ३,९०० रुपयांचा. १२,००० च्या फोनवर दिवाळीची सूट हजार-दीड हजार मिळाली, असे मोठ्या मनाने धरले, तरी सूट दीड हजाराची आणि घाटा ३,९०० चा. याला स्वस्त फोन म्हणायचे का?

आमचे सांगणे एवढेच, की फोन घेण्याची तारीख कापूस विकण्याची तारीख ठरवणार नाही, असे आधी ठरवा.

मग घ्यायचा कधी?

साडेतीन मुहूर्तांतले दसरा आणि दिवाळीचा पाडवा येतात तेव्हा कापूस शेतात असतो. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया येतात तेव्हा तो विकलेला असतो. मुहूर्तच पाहायचा तर हे मागचे दोन पाहा. पाडव्याला सालगड्याचे साल बदलते, आपण वर्षाचा हिशेब मिटवतो. त्याच बैठकीत फोनचाही विचार करावा. कापसाचे पैसे खात्यावर आलेले असतात आणि बियाण्याची घाई सुरू व्हायची असते. नवा फोन हाती शिकायलाही दोन महिने मिळतात, म्हणजे खरिपाच्या पीक पाहणीला आणि नोंदणीला तो तयार असतो.

'थांबले की फोन स्वस्तच होतो' हा जुना आडाखा मात्र आता भरवशाचा नाही. २०२५ च्या अखेरीस जगभरात मेमरी चिपचे भाव चढले आणि त्याचा बोजा स्वस्त फोनवर जास्त पडतो. म्हणून किंमत उतरेल या आशेवर वर्षानुवर्षे थांबा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या हाती पैसा मोकळा असतो त्या महिन्यात घ्या, एवढेच म्हणतो.

आणि फोन ऐन ऑगस्टमध्ये बंद पडला तर? तर आधी दुरुस्तीचे विचारा. पुष्कळदा बॅटरी किंवा चार्जिंगची जागाच गेलेली असते आणि ते काम नव्या फोनच्या लहानशा भागात होते. तोवर पीक पाहणी शेजाऱ्याच्या फोनवरून करता येते. गावोगाव त्यासाठी सहायकही नेमले आहेत. तीन कारणे मात्र खरी समजावीत: लागणारी ॲप जुन्या अँड्रॉइडवर उघडत नाहीत, शेतात उभे राहिल्यावर ठिकाण धरत नाही, किंवा दुरुस्तीचा खर्च फोनच्या निम्म्यावर जातो. यांतले एकही नसेल तर नवा फोन ही गरज नव्हे, ती हौस आहे. हौसेला आमची हरकत नाही. ती कर्जाने करू नये, इतकेच.

कुठे घ्यायचा?

गावाबाहेरचे दुकान स्वस्त की फोनवरून मागवलेला स्वस्त, याचे एकच उत्तर नाही. दुकानात जाण्याआधी त्या फोनचा सगळीकडचा भाव पाहून घ्या आणि दुकानदारासमोर तो मांडा. दोन-चारशे रुपयांचाच फरक असेल तर तालुक्याच्या दुकानातून घ्यावा, कारण बिघडला तर निदान माणूस समोर असतो. फरक हजारावर असेल तर मागवायला हरकत नाही. मात्र डबा आणून देणाऱ्यासमोर उघडून पाहावा, आणि आत फोनच आहे याची खात्री झाल्यावरच ओटीपी सांगावा.

कंपनी निवडताना जाहिरात पाहू नका. त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे का, ते पाहा. फोन घेऊन नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला दोन खेपा झाल्या की स्वस्ताई संपली. कोणत्या कंपनीच्या सिमचा सिग्नल आपल्या शेतात लागतो, तेही आधी तपासा. आपली ॲप ४जी वर चालतात. ५जी गावात आलेले नसेल तर केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. चार वर्षे वापरायचा असेल आणि थोड्याच फरकाने मिळत असेल तर घ्या.

पक्के बिल घ्या. त्यावर जीएसटी क्रमांक आणि फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक हवा. बिलाशिवाय कर वाचवून देतो म्हणणारा तुमची हमीही वाचवून स्वतःकडे ठेवतो. जुना फोन घेताना 'केवायएम', जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथे कळते. दुकानदाराने फसवले तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लक्षात ठेवा. आणि आधारला जोडलेला आपला नंबर नव्या फोनसोबत मिळणाऱ्या फुकट सिमसाठी सोडू नका. नंबर गेला की ओटीपी गेला, आणि ओटीपी गेला की हप्ता अडला.

शून्य टक्क्यांचे कोडे

सर्वांत मोठा सापळा हप्त्यांचा. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नसते. व्याज दुसऱ्या नावाने घेतले जाते. समजा फोन रोखीने ११,२०० ला मिळतो. हप्त्याने १,५०० चे आठ हप्ते आणि वर ५०० रुपये फाइल चार्ज. म्हणजे १,३०० रुपये जास्त. मुद्दल दर महिन्याला घटत जाते हे धरले तर हे व्याज वर्षाला ३० टक्क्यांच्या घरात जाते. वेळेवर फेडलेले पीककर्ज ४ टक्क्यांनी पडते!

त्याहून वाईट म्हणजे हप्ता दर महिन्याचा असतो. पगारदाराला पगार महिन्याला येतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो, तोही पाऊस म्हणेल तेव्हा. दिवाळीला घेतलेल्या फोनचे पुढचे हप्ते उन्हाळ्यात येतात तेव्हा खाते रिकामे असते. हप्ता परत गेला की बँकेचा दंड वेगळा, फायनान्सवाल्याचा वेगळा आणि सिबिलवर डाग वेगळा. पीककर्जाला सिबिल पाहू नका असे राज्य सरकार बँकांना सांगते, तरी बँका पाहतात. बारा हजारांच्या फोनसाठी जूनचे पीककर्ज अडकवायचे का, याचा विचार घरातल्या बायकांसह सर्वांनी मिळून करावा.

जिल्हा बैठकीत ठरवू

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, खत-बियाणे आपण कैक गावांत एकत्र घेतो. फोन का नाही? येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने यादी आणावी: कोणाला खरोखर नवा फोन लागतो, कोणाचा दुरुस्तीने चालेल, कोणाच्या शेतात कोणते सिम लागते. दहा जण रोख पैसे घेऊन पाडव्याला एका दुकानात गेले तर तो दुकानदार दाराशी येऊन बसवील, चहा देईल आणि भावही देईल. एकटा गेलेला माणूस जाहिरातीतली किंमत मोजतो.

फोनला अवजाराचा कर लावा आणि ज्या ॲपशिवाय हमीभाव मिळत नाही, त्याची सोय खरेदी केंद्रावर फुकट करा, या दोन मागण्या सरकारकडे आपण करणारच आहोत. पण ते होईपर्यंत एक गोष्ट आपल्या हाती आहे. पहिल्या वेचणीचा ओला कापूस फोनसाठी मोडायचा नाही. तो वाळू द्या.