शेऱ्यात न मावणारा थकवा

सेवेत असताना एका अर्जावर मी लिहिलेला शेरा मला अजून सलतो. २०१६ च्या कायद्यापूर्वीची, दिल्लीतल्या मे महिन्यातली गोष्ट. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या एका कक्ष अधिकारी बाईंनी गच्चीखालच्या खोलीतून तळमजल्यावर बसू द्यावे आणि सकाळी लवकर येऊन लवकर जाऊ द्यावे, एवढेच मागितले होते. ‘अर्जदार प्रकृतीने ठीक दिसतात, सबळ कारण नाही,’ असे मी लिहिले. त्याच वर्षीच्या गोपनीय अहवालात मात्र त्यांच्या खंबीर स्वभावाची तोंडभरून प्रशंसा केली. दोन वर्षांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावरच हल्ला करते. आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश अडखळत जातो. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी तो आणखी मंदावतो. नजर धूसर होते, पाय जड होतात, विश्रांतीनेही न ओसरणारा थकवा येतो. पाहणाऱ्याला यातले फारसे काही दिसत नाही.

चिंताग्रस्त प्रवृत्तीच्या रुग्णांचे जीवनमान अधिक खालावते, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. त्याचा सोयीस्कर अर्थ आपण असा लावतो की, धीर धरणे ही रुग्णाची जबाबदारी. परंतु अडचणीतून मार्ग काढायला हाती काही असावे लागते. बसण्याची जागासुद्धा ज्याला बदलून मिळत नाही, त्याने सोसण्याखेरीज काय करावे? शिवाय नैराश्य, विस्मरण, चिडचिड हा पुष्कळदा या रोगाचाच भाग असतो. ज्या मेंदूने धीर धरायचा, घाव त्याच मेंदूवर असतात. पॅरिसमध्ये शार्कोने १८६८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा रुग्णांच्या मनःस्थितीतील बदलही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. आमच्या गोपनीय अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यांत हा विकार नावानिशी आला. मात्र नोकरीतील आरक्षणाच्या कलम ३४ मध्ये तो स्वतंत्रपणे नाही. कलम २० नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. खासगी नोकराला हे संरक्षण नाही. बहुतेक लाभ चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर अडकतात. रोग मात्र अनेकांत उसळतो, ओसरतो, पुन्हा उसळतो. तपासणीच्या दिवशीची टक्केवारी मेमधल्या दुपारी कितपत खरी ठरेल?

लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की, लेखनिकासारखी वाजवी सोय चाळीस टक्क्यांच्या अटीवर अवलंबून नाही. केंद्रीय कार्मिक विभागाने हेच तत्त्व कार्यालयीन वेळ, थंड खोली आणि घरून काम यांना लागू करणारे परिपत्रक काढावे. चेतारोगतज्ज्ञाचे पत्र पुरेसे मानावे, निर्णय ठरावीक दिवसांत व्हावा आणि नकार द्यायचा असेल तर त्याची कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत. ‘ठीक दिसतात’ हे कारण त्यात चालू नये.