सगळे पक्ष एक झाले, तेव्हा आमची वस्ती कुठं होती?



परवा आटपाडीकडच्या बैठकीत मी बोलायला उठलो. दोन वाक्यं झाली नसतील, तोवर एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "पोरा, आधी पाणी येऊ दे की. वाटणीचं मागनं बघू." मला लेकासारखं मानणारे आहेत ते. त्यांच्या घरची भाकरी मी कितीदा खाल्लीय. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी खाली बसलो. तिथं जे बोलायचं राहिलं ते इथं लिहितोय. थोडं कडू लागेल, पण घरातल्या माणसालाच कडू बोलता येतं.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव इथल्या माणसाला पाणी मिळालंच पाहिजे. चारा डेपोच्या दारात रात्र काढलेली माणसं मी बघितलीत. हंड्यासाठी मैल मैल चालणाऱ्या बाया बघितल्यात. त्यांच्या पाण्याच्या आड मी येत नाही, आमची वस्तीही येत नाही. पण पाणी येतं कुठनं, त्यासाठी कोण उठतं, आणि आल्यावर कुणाच्या नावावर लागतं, हे विचारायचंच नाही काय?

आता कृष्णा खोऱ्याच्या कायद्याची गोष्ट. ही नीट समजून घ्या, कारण सभेत सगळे नुसतं "महामंडळ, महामंडळ" म्हणतात आणि ते जन्माला कसं आलं हे कुणी सांगत नाही.

1995 ची विधानसभा आठवा. एकूण जागा 288. शिवसेना 73, भाजप 65. दोघांची बेरीज 138. सरकारला लागतात 145. काँग्रेस 80 वर येऊन थांबली. आणि अपक्ष निवडून आले 45. त्यातले कितीतरी काँग्रेसचेच, तिकीट मिळालं नाही म्हणून वेगळे उभे राहिलेले, आणि आपल्या सातारा-सांगलीकडचेही त्यात होते. या अपक्षांच्या खांद्यावर मनोहर जोशींचं सरकार उभं राहिलं. खांदा फुकट कोण देतो? आपल्याकडच्या आमदारांनी मागितलं ते कृष्णेचं पाणी. 1996 ला कायदा झाला आणि महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं राहिलं.

घाई कशाची होती? बच्छावत लवादाची. लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी पाणी दिलं. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. 31 मे 2000 नंतर या निवाड्याचा फेरविचार होऊ शकतो, तेव्हा त्याआधी पाणी अडवलं नाही तर ते कर्नाटक-आंध्रला जाईल, ही भीती घराघरात पोचवली. भीती अगदी खोटी नव्हती. पण तिजोरीत पैसा नव्हता. मग तोड काढली ती कर्जरोख्यांची. महामंडळानं बाँड काढायचे, लोकांनी आणि बँकांनी ते घ्यायचे, आणि सरकारनं हमी द्यायची.

विरोधी बाकावर काँग्रेस. ती काय म्हणणार? धरणं तिच्याच राजवटीत आखलेली, कितीकांचे नारळ तिनंच फोडलेले. या खोऱ्यातले तिचे आमदार "पाणी नको" म्हणून मतं मागायला जाणार होते काय? त्यांचं भांडण एवढंच, की श्रेय कुणाचं आणि कुठल्या योजनेला आधी पैसा. मग बाकीचे भाग जागे झाले. विदर्भ म्हणाला आमचा अनुशेष आहे, आम्हालाही द्या. मराठवाडा म्हणाला, खानदेश म्हणाला, कोकण म्हणालं. 1997 ला विदर्भ, तापी आणि कोकण, 1998 ला गोदावरी मराठवाडा. एकाची पाच महामंडळं झाली. वाटाघाट म्हणजे काय ते यात दिसतं. ज्याच्याकडं मोजता येईल असा आमदार, त्याच्या ताटात काहीतरी पडलं.

1999 च्या ऑक्टोबरात सरकार बदललं. विलासराव देशमुख आले. आधीचे काही अपक्ष त्याही सत्तेच्या पंगतीत बसले. महामंडळ मात्र तेच, बाँड तेच, ठेकेदारांचे डंपरही तेच. रस्त्यावर एकमेकांच्या नावानं शिमगा करणारे पक्ष या एका गोष्टीवर एका ताटात जेवतात. लोक म्हणतात, बघा, विकासाला पक्ष नसतो. मला यातच भ्या वाटतं. दोन पक्ष भांडत असले की निदान एकाच्या दारात जाऊन गाऱ्हाणं घालता येतं. दोघंही एक झाले की आपल्यासारख्यानं जायचं कुठं?

आता आमचं सांगतो. आम्ही कातकरी. सरकारी कागदावर आदिम जमात. वाई, जावळी, पाटणच्या डोंगरात नदीच्या कडेला आमच्या चार-चार, दहा-दहा घरांच्या वस्त्या. मासे, खेकडी, मध, लाकूडफाटा, आणि पावसाळा सरला की वीटभट्टी नाहीतर कोळशाची भट्टी. सातबारा आमच्या आज्यानं बघितला नाही, बापानं बघितला नाही. उताराची नाचणी, वरी जंगलखात्याच्या जागेत, तीही दंड भरून. 1978 च्या सरकारी ठरावानं जुनी अतिक्रमणं कायम करायची ठरली, पण तेव्हाची दंडाची पावती कुणी जपून ठेवलीय? छपरातनं गळणाऱ्या पाण्यात ती कधीच भिजून गेली.

माझ्या आजीची वस्ती एका धरणाखाली गेली. धरणाचं नाव घेत नाही, कारण हे एकाच धरणाचं नाही. मोजणीचे लोक आले. खालच्या गावात त्यांनी घरं मोजली, गोठे मोजले, आंब्याची झाडं मोजली, विहिरीची खोली मोजली. आमच्या वस्तीवर आले आणि पाच मिनिटात परत फिरले. आजी त्यांच्या मागं गेली. म्हणाली, "दादा, आमची घरं लिहा की." त्यातला एकजण म्हणाला, "म्हातारे, हे घर कसलं? हे उचलून नेता येतंय." आजीनं ते खरंच उचलून नेलं. वासे, कूड, चूल, सगळं डोक्यावर. वरच्या अंगाला लावलं. पाणी वाढलं तसं परत उचललं. तीन वेळा. यादीत तिचं नाव नाही, माझ्या बापाचं नाही, म्हणून प्रकल्पग्रस्ताचा दाखला मला नाही. बारावी झाल्यावर मी त्या दाखल्यासाठी एका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. मला विचारलं, "तुमची जमीन किती गेली?" मी म्हटलं, जमीन नव्हतीच. "मग गेलं काय?"

नदी गेली, साहेब. पण नदीचा उतारा निघत नाही.

कोयनेच्या वेळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. धरणग्रस्त लढले, "आधी पुनर्वसन, मग धरण" म्हणाले, तेव्हा 1976 ला कायदा आला, पुढं 1986 चा आला. ही त्यांची कमाई आहे, आम्ही ती मानतो. पण त्या कायद्याचा सगळा हिशेब जमिनीवर चालायचा. किती गेली त्यावर किती मिळणार. ज्याच्या नावावर शून्य, त्याचा गुणाकार शून्य.

आणि 1996 साल बघा. त्याच साली डिसेंबरात दिल्लीत पेसा कायदा झाला. त्यात लिहिलंय की अनुसूचित क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घ्यायच्या आधी ग्रामसभेशी सल्लामसलत करायची. मला वाटलं, आता आपलं काम झालं. मग एका वकील साथीनं यादी दाखवली. ठाणे आहे, नाशिक आहे, नंदुरबारकडचा भाग आहे, गडचिरोली आहे, पुण्याचा थोडा भाग आहे. सातारा नाही. सांगली नाही. एक तालुका नाही. म्हणजे डोंगर तोच, जमात तीच, पण पुण्याच्या हद्दीत काही गावात आम्हाला विचारायचं, आणि साताऱ्यात न विचारता बुडवायचं. एका साली दोन कायदे झाले. जो आमच्यासाठी लिहिला तो आमच्या जिल्ह्यात लागू नाही. जो आमच्या जिल्ह्यात लागू आहे त्यात आम्ही नाही.

आता बाँडचं बघा. ज्यानं बाँड घेतला त्याला व्याजाची तारीख मिळाली. ती चुकली तर बोंब होणार, म्हणून सरकार जामीन राहिलं. ठेकेदाराला बिलाची तारीख. धरणाच्या भिंतीलाही तारीख होती, 31 मे 2000. विस्थापिताला मात्र तारीख नाही. पैसा अपुरा पडला की कात्री कुठं लागते ते सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. ज्याची उशिराबद्दल कुणी जप्ती आणत नाही, त्याचं काम मागं पडतं. उरमोडी, तारळी, वांग-मराठवाडी, इथं जाऊन बघा. भिंत किती वर आली आणि नव्या गावठाणात काय उभं राहिलं, दोन्ही डोळ्यांनी बघा.

आणि पाणी आलं तर कुणाचं? टेंभू, ताकारी, म्हैसाळ, सगळ्या उपसा योजना. कृष्णेचं पाणी विजेनं वर चढवायचं. ते पाणी मिळणार क्षेत्राच्या हिशेबानं. दहा एकरवाल्याला दहा एकराचं, आणि उसाला तर किती दिलं तरी कमीच. भूमिहीनाला काय? त्याच्यासाठी उसाची तोडणी. आपल्याच चळवळीनं दाखवून दिलंय की दुसरंही होऊ शकतं. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधलं, त्यात भूमिहीनालाही पाण्याचा हक्क धरला. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीनं माणशी पाणी वाटलं. समान पाणीवाटपाची मागणी आपण आटपाडीच्या परिषदेत घेतलीय. मग निवेदन लिहिताना ती शेवटच्या पानावर का जाते? मी गेल्या वर्षातली चार निवेदनं काढून बघितली. आमची मागणी चारही वेळा "तसेच" या शब्दानं सुरू होते. तसेच कातकरी बांधवांचा विचार व्हावा. विचार! तो तर मोजणीवाल्यांनीही केला होता, पाच मिनिटं.

आबा, तुम्ही म्हणता आधी पाणी येऊ दे. पाणी एकदा पाटात पडलं की पाटाच्या कडेचा माणूस परत बैठकीला येणार आहे काय? कोयनेची वीज आली, ती आल्यावर कोयनेच्या माणसासाठी मुंबईतनं कोण उठून आलं? वाटाघाट ही पाणी यायच्या आधी होते. आमदारांनी सरकार बसायच्या आधी भाव केला, बसल्यावर नाही. हे शहाणपण त्यांच्याकडनं तरी शिकूया.

 सरकारला पुन्हा पैसा उभा करायचाय, पुन्हा सगळ्या पक्षांच्या बैठका बसतील. यावेळच्या निवेदनात पहिल्या पानावर हे पाहिजे: पाणलोटातल्या प्रत्येक कातकरी वस्तीची, सातबारा असो नसो, गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी साक्षीवर नोंद. जलाशयात मासेमारीचा पहिला हक्क बुडालेल्या वस्तीला, ठेकेदाराला नाही. लाभक्षेत्रात भूमिहीनाला माणशी पाणी. आणि पुनर्वसनाचा पैसा आधी बाजूला काढल्याशिवाय भिंतीवर पुढचा थर नाही.

सरकारनं मोजलं नाही, तर आपण मोजू. येत्या पंधरवड्यात प्रत्येक तालुक्यातल्या साथींनी वस्तीवर जाऊन वही करायची. घरातल्या सगळ्यांची नावं, आधी कुठल्या नदीवर होतो, किती वेळा उठलो, कुणी बघितलं. रेशनकार्ड असलं तर नंबर, दंडाची पावती असली तर तिची नक्कल. नसली तर साक्षीदाराचा अंगठा. म्हाताऱ्या बायांना आधी विचारा, त्यांना वर्षं पुरानं आणि बाळंतपणानं लक्षात असतात. वह्या कार्यालयात आणून द्या. पेन आणि वहीचे पैसे आमच्या वस्तीनं वर्गणी काढून जमवलेत, तेवढ्यासाठी कुणी थांबू नका.

जिंदाबाद!