टीव्ही फोर-के, चित्र मात्र तेच!

नंदुरबारकडे मिरचीचे पैसे हातात आले की घरात नवा टीव्ही येतो. दुकानदार 'फोर-के, फोर-के' करत ४३ इंची गळ्यात मारतो आणि आपला माणूस घरी त्याला तोच जुना फ्री डिशचा बॉक्स जोडतो! अहो, त्या बॉक्समधून येणारं चित्र फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाखांच्या थोडे वर ठिपके. पडद्यावर ठिपके ८३ लाख. बाकीचे टीव्ही अंदाजाने भरतो. मग चेहरे मेणाचे दिसणार नाहीत तर काय? जुन्या एमपेग-२ बॉक्सवर एचडी चॅनेल लागतच नाहीत, हे दुकानात कोणी सांगतं का? वर ती लाल-पिवळी-पांढरी वायर. तिच्यातून एचडी जातच नाही, एचडीएमआय लागते. 'एचडी रेडी'चं तर नावच फसवं: १३६६ गुणिले ७६८, फुल एचडी नव्हेच. आणि १० फुटांवर खाटेवर बसून ४३ इंचात फुल एचडी नि फोर-के यातला फरक डोळ्याला कळत नाही, मग जादा पैसे कशाचे?

दुकानदाराला सरळ सांगा, पेनड्राइव्हवरचे ते मोर-धबधबे बंद कर, आमच्याकडे आहे तसला बॉक्स लाव आणि मग दाखव.