अकरा महिन्यांची मधुमालती

भाड्याच्या फ्लॅटमध्ये वेल लावू नये, असं कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? बहुतेक नाही. कोथरूडच्या त्या वन बीएचकेत माझं असं काहीच नव्हतं. बेड घरमालकांचा, फ्रिज रूममेटचा, लॅपटॉपचे हप्ते चालू. म्हणून अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट झालं, त्याच रविवारी मी मधुमालती घेऊन आले.

तुम्ही ती पाहिलेली असते, नाव माहीत नसतं. जुन्या बंगल्यांच्या गेटवर पांढरे-गुलाबी-लाल घोस लोंबतात ना, तीच. फुलं तीन रंगांची नसतात बरं का. एकच फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. पांढरं असताना रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, रंग चढला की दिवसा मधमाश्या. आणि वास रात्रीच जास्त. म्हणजे नऊ वाजता घरी पोचणाऱ्या आपल्यासारख्यांच्या एकदम सोयीचं!

नर्सरीवाले काका म्हणाले, ‘‘ताई, ही जमिनीत लावायची. कुंडीत हट्ट करते.’’ मी पण हट्टी. सोळा इंची कुंडी घेतली. भोकावर खापराचा तुकडा, मग दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, थोडं कोकोपीट. वर चढायला ग्रिलपर्यंत सुतळ्या. कुंडीखाली ताटली ठेवायला मात्र विसरले. चौथ्या दिवशी खालच्या काकू वाळत घातलेली, मातीचे डाग पडलेली चादर घेऊनच वर आल्या. त्यावर जास्त लिहीत नाही.

पहिल्या वर्षी फुलं किती? शून्य. पानं मात्र जाम. फुलं नाहीत म्हणून मी दर पंधरा दिवसांनी युरिया घालत होते. शेवटी आईला फोन केला. ‘‘अगं, युरियानं पानंच वाढणार. खत बंद कर आणि ऊन बघ किती वेळ येतं ते.’’ मोजलं तर जेमतेम दोन तास. हिला पाच-सहा तास तरी लागतं. कुंडी ओढत बाल्कनीच्या पश्चिमेच्या टोकाला नेली. आईच्याच हुकमावरून फेब्रुवारीत निम्मी छाटली, कारण फुलं येतात ती नव्या फुटीवर. छाटताना रडू यायचं बाकी होतं. मे महिन्यात पहिला घोस आला आणि मी ऑफिसला चक्क हाफ डे टाकला. (तेव्हा फ्रीलान्सिंग सुरू व्हायचं होतं, हाफ डे नावाची चैन होती.)

अ‍ॅग्रीमेंट दोनदा रिन्यू झालं. तिसऱ्यांदा घरमालकांचा मुलगा परत येणार, असं कळलं. जूनअखेर घर सोडायचं. ‘‘बाकी काही नाही, ग्रिल तेवढं मोकळं करून द्या,’’ ते म्हणाले. सगळं ग्रिल फुलांनी भरलेलं असताना!

दोन रविवार गेले. ही नुसती टेकत नाही, गजांना पिळे घालते. जुन्या फांद्यांवर पानांचे देठ वाळून काट्यांसारखे राहतात, हात ओरबाडून निघाले. कुंडीत उरलं दीड फुटाचं खोड. छाटलेल्या फांद्यांची दोन पोती भरली. खालच्या काकू जिन्यात भेटल्या, पोत्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मुळाशी फुटवे असतील तर एक दे गं.’’ मी मुळासकट काढून दिला.

टेम्पोत कुंडी माझ्या पायांशी होती. नवी बाल्कनी वारज्यात, पाचवा मजला, दुपारनंतर कडक ऊन. पावसात खोडाला सात फुटी आल्यात. नवं अ‍ॅग्रीमेंटही अकरा महिन्यांचंच. सुतळी मात्र या वेळी ग्रिलला बांधली नाहीये. कुंडीतच बांबूच्या तीन काठ्या रोवल्यात, वर एकत्र बांधून. उद्या उचलायची वेळ आलीच, तर वेल काठ्यांसकट लिफ्टमध्ये मावायला हवा. लिफ्टची उंची मोजून घेतलीये.